बॅटरी इझव आधी

रात्रीचे दोन वाजलेत. आत्ताच भंडारदऱ्याहून नाशिकला घरी पोचलो. लेक मागच्या सीटवर झोपली होती, तिला उचलून आत ठेवलं आणि लिहायला बसले. झोप येणारच नाही मला.

काजवे बघायला गेलो होतो. जूनचा पहिला शनिवार, पाऊस दाराशी आलेला, हवा दमट, वारा पडलेला. काजव्यांसाठी याहून चांगली रात्र मागून मिळत नाही. आणि शेंडी गावापासून पुढे घाटघरच्या रस्त्याला गाडीला गाडी लागलेली. सगळ्यांचे हेडलाइट चालू, त्यातले निम्मे अप्पर. मधेच कुणीतरी डिकी उघडून स्पीकर लावलेला. मुरशेतच्या पुढे एका सादड्याखाली पंधरा-वीस माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइलची बॅटरी, वर झाडावर रोखलेली. काजवे दिसत नाहीत म्हणून उजेड मारून शोधत होते!

एका पोराने तर कहर केला. झाडावर चढून फांदी गदागदा हलवली. खाली त्याचा मित्र व्हिडिओ काढत होता. काजवे उडावेत म्हणून.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. गेले दोन महिने ‘काजवे कधी, काजवे कधी’ म्हणून माझ्या मागे लागली होती. दहा मिनिटं ती माझा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, घरी जायचं का?”

मला भर रस्त्यात रडू आलं.

माझं आजोळ तिथलंच. शेंडीपासून चालत जाण्याइतकं. माझ्या लेकीएवढीच होते मी, तेव्हा मामाने पहिल्यांदा काजवे दाखवायला नेलं होतं. गावात वीज होती, पण असून नसल्यासारखी. मामाच्या हातात तीन सेलची लांब बॅटरी. ती वाटेपुरती, इचूकाट्यासाठी. बांधावर पोचलो तर त्याने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? “बॅटरी इझव आधी.” बॅटरी त्याने माझ्याकडे दिली होती, मिरवायला. मी विझवली. मग म्हणाला, “बस खाली. बोलायचं नाही.” बसलो. काही दिसेना. नुसता काळोख, बेडकांचा आवाज आणि मामाच्या तंबाखूचा वास. मी दोनदा विचारलं, कुठायत? तो काहीच बोलला नाही. आणि मग, किती वेळ गेला कोण जाणे, समोरचं हिरड्याचं झाड पेटलं. एकदम नाही. एका बाजूने लाट आल्यासारखं उजळत गेलं, विझलं, पुन्हा उजळलं. मग शेजारचं झाड. मग ओढ्याच्या पलीकडचं.

मामा शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस. त्याने सांगितलं, “हाका मारत्यात ते एकमेकाला. नर वरून हाक देतो, मादी खालनं गवतातनं ओ देती.” पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा कळलं, तो अक्षरशः खरं सांगत होता. तो उजेड म्हणजे हाकच असते. पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, त्याला प्राणवायू मिळाला की प्रकाश पडतो, आणि उष्णता जवळजवळ नाहीच. या काजव्याने कित्येक महिने अळी होऊन ओल्या मातीत, पाल्यापाचोळ्यात गोगलगायी खात काढलेले असतात. पंख फुटल्यावर त्याच्या हाती उरतात थोडेसे आठवडे, त्यातही बरेच काजवे धड खातसुद्धा नाहीत. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. आणि नेमके हेच आठवडे आपण ‘सीझन’ म्हणून निवडतो.

तुमच्या चार हेडलाइटपुढे त्या हाकेचं काय होत असेल, सांगा ना. भर लग्नात डीजेपुढे उभं राहून कुणाच्या कानात बोलून बघा. गवतात बसलेली मादी त्याला दिसत नाही. आणि तिच्यावरच आपण गाडी चढवतो, कारण डांबरावर जागा नाही म्हणून कडेला घेतली. आज रात्री त्या रस्त्याच्या कडेला कितीतरी माद्या टायरखाली गेल्या असतील. मी मोजलेल्या नाहीत. मोजायची गरजही वाटत नाही मला.

हे अभयारण्य आहे हो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. १९८६ पासून. रिसॉर्टची मागची बाजू नाही ती.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील की गावातल्या पोरांना यातून चार पैसे मिळतात, तंबू, जेवणं, वाहनतळ. मान्य आहे. माझ्याच मामेभावाच्या घरी काल तीस माणसं पिठलं-भाकरी जेवून गेली. पण त्या तिसांपैकी एकाने तरी त्याला विचारलं का, की बाबा, काजवे कसे बघायचे असतात? तुझं झाड कुठलं? विचारलं असतं तर त्याने हातचं काम टाकून नेलं असतं. चालत. न बोलता.

मला राहून राहून राजूरचं प्रदर्शन आठवतंय. डांगी जनावरांचं, हिवाळ्यात भरतं ते. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी एकदा जाच. डांगी म्हणजे आमच्या डोंगरातलं जनावर, पांढऱ्यावर काळे नाहीतर तांबडे ठिपके, कातडी तेलकट, म्हणून मुसळधार पावसातही चिखलात उभं राहतं. तिथे किती गर्दी! पण मामाने मला तिथेही एक गोष्ट शिकवली होती. दुसऱ्याच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवायच्या आधी मालकाकडे बघायचं. तो मान हलवेल, मगच हात. हजारो माणसं येतात आणि हे कुणाला सांगावं लागत नाही. कळसूबाईला नवरात्रात जाणाऱ्यांचंही तेच. १६४६ मीटर चढून जातात बायाबापड्या, शिड्यांवर एकमेकींना हात देत, चपला पायथ्याला सोडून जाणाऱ्याही कितीतरी. तिथे पाटी लावावी लागते का, की देवीपुढे कसं वागायचं?

मग काजव्यांपुढेच आपल्याला काय होतं? ते कुणाचे नाहीत म्हणून? मालक दिसत नाही म्हणून?

कासच्या पठारावरही एके काळी हेच चाललं होतं. फुलांमध्ये लोळून फोटो. मग रोजची संख्या ठरली, आधी नोंदणी करून जायची पद्धत आली, आसपासच्या गावांनी मनावर घेतलं. तिथेही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण काहीतरी झालं ना. इथे का नको? शेंडीतच गाड्या थांबवा. पुढे गावातल्या माणसाबरोबर दहा-दहाच्या गटाने चालत जा. बॅटरी लागलीच तर तिला लाल कागद लावा आणि जमिनीकडे धरा. फोटो काढूच नका, मोबाइलच्या फोटोत काजवा सहसा धड येत नाही, बहुतेकदा नुसता काळा चौकोन येतो. म्हातारी माणसं असतील त्यांना गावातली गाडी सोडू दे. एवढंच मागणं आहे. फार आहे का?

हे लिहिता लिहिता राग थोडा निवला. खरं सांगू, त्या फांदी हलवणाऱ्या पोराचाही आता तेवढा राग येत नाही. वीस-एकवीसचा असेल. अंधारात कुणी त्याला कधी शेजारी बसवलंच नसेल. मलाही पहिल्या रात्री काजवा बाटलीत भरून घरी न्यायचा होता. चांगली हॉर्लिक्सची बाटली फ्रॉकखाली लपवून नेली होती मी. दोन पकडलेही. मामाने ओरडा केला नाही. बाटलीचं झाकण माझ्याकडूनच उघडवलं आणि ते बाहेर पडेपर्यंत माझ्याबरोबर बसून राहिला. एक लगेच गेला. दुसऱ्याला बराच वेळ लागला. मला तेव्हा मामाचा राग आला होता.

पण स्पीकरवाल्यांचा राग जात नाही. तो जाऊ नये असंही वाटतं. पुढच्या शनिवारी जाणार असाल आणि हे वाचत असाल, तर स्पीकर घरी ठेवा, नाहीतर तुम्हीच घरी राहा. वाईट वाटलं तर वाटू दे.

तर, रस्त्यावरून आम्ही परत मामाच्या घरी आलो. साडेदहा झाले असतील. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ओट्यावर गोधडी गुंडाळून बसला होता. त्याने विचारलं, “दिसलं का पोरीला?” मी नाही म्हटलं. का नाही, ते त्याने विचारलं नाही. त्याला रस्त्यावरचा आवाज ओट्यावर ऐकू येतच होता.

उठला. काठी घेतली. मामेभाऊ म्हणाला, आता कुठं जाता. मामाने त्याला अंगणातला दिवा बंद करायला सांगितला आणि लेकीला घेऊन गोठ्याच्या मागे गेला. मी मागोमाग. तिथे एक उंबर आहे जुना, ओढ्याच्या कडेला. लेकीने वाट दिसेना म्हणून माझा मोबाइल लावला होता.

“बॅटरी इझव आधी,” मामा म्हणाला.

तिने विझवली. आम्ही तिघं दगडावर बसलो. तिने दोनदा विचारलं, कुठायत? मामा काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

मोजून दहा-बारा असतील. माझ्या लहानपणच्या रात्रीपुढे काहीच नाही. पण उंबराच्या खालच्या फांदीवर एक लुकलुकला, आणि थोड्या वेळाने खाली गवतातून दुसरा. लेकीने माझं मनगट घट्ट धरलं. गाडीत बसेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.