मुंबईचा माळा

आमच्या घरातली एखादी वस्तू टाकायची म्हटली की आधी तिचे मालक शोधावे लागतात. घर सामायिक. कागदावर जेवढी नावं आहेत त्यांतली निम्मी माणसं देवाघरी आणि उरलेली डोंबिवली, ठाणे, पुणे आणि न्यू जर्सी या गावी. गणपतीत घर सगळ्यांचं असतं. एरवी ते आमचं, म्हणजे झाडलोट आमची.

पुण्याच्या मुलीने फोनवरून योजना सांगितली. ‘एकदम काही करू नका, दमाल. रोज एक वस्तू घराबाहेर काढायची, बास.’ ऐकायला सोपं वाटलं. बायकोने पदर खोचला आणि शुभारंभाला मला माळ्यावर चढवलं. कौलारू घराच्या माळ्यावर ताठ उभं राहता येत नाही, त्यामुळे तिथल्या प्रत्येक वस्तूला आपोआपच वाकून नमस्कार घडतो. आंब्याच्या लाकडी पेट्यांच्या फळ्या निघाल्या. आता सगळा माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातो, पण ‘फळी चांगली आहे’. त्या पेट्यांचे वाकडे खिळे पत्र्याच्या डब्यात होते, ठोकून सरळ करायचे म्हणून. सुंभाची वेटोळी, करवंट्यांची पोती, काड्या मोडलेल्या छत्र्या निघाल्या. पोस्टात रेडिओचा परवाना भरायचा त्याचं पुस्तकही निघालं. रेडिओ मात्र सापडला नाही. आणि श्रीखंडाचे रिकामे डबे! डबे किती ते विचारू नका, पण ज्याला झाकण बसेल असा एकही नव्हता.

यातलं काय काढायचं ते आमची माई ठरवते. तिचं वय चौऱ्याऐंशी, कान थोडे मंद. पण माळ्यावर पत्र्याचा डबा नुसता सरकला तरी तिला न्हाणीतून ऐकू येतं.

‘काय काढतोस रे?’

‘काही नाही, जुनी कॅलेंडरं.’

‘आण खाली.’

कालनिर्णय निघायला लागलं १९७३ साली. आमच्याकडे तेव्हापासूनची बहुतेक सगळी आहेत. माईने ती मांडीवर घेतली आणि चष्मा पुसून एकेक पान उलटायला सुरुवात केली. कपिला व्याली. गॅस आला. विहिरीचा गाळ काढला, पैसे दादा देणार. शेवटच्या नोंदीपाशी ती थांबली आणि म्हणाली, ‘दिलेच नाहीत.’ दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. त्या रात्री त्याला ठाण्याला फोन गेला. त्या दिवसाची एक वस्तू काही घराबाहेर गेली नाही. एक भांडण मात्र घरात आलं.

तसा आमच्याकडे या कामाला मुहूर्तही नाही. जूनपासून पाऊस असा कोसळतो की बाहेर काढलेलं ठेवणार कुठे? मग गणपती, मग भातकापणी, मग सुपारी. मोहर आला की आंब्याशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. मे महिन्यात पाहुणे येतात आणि त्यांना झोपायला जागा व्हावी म्हणून खालचं होतं नव्हतं तेही माळ्यावर चढतं.

बायको हरणारी नव्हती. ‘माई, हे कंदील तरी देऊ या. आता इन्व्हर्टर आहे,’ ती म्हणाली. माईने नुसतं तिच्याकडे बघितलं आणि एकच शब्द उच्चारला, ‘निसर्ग.’

इथे आमच्या बाजूचे सगळेच गप्प होतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडात होत्याचं नव्हतं करून गेलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यावर आले, कौलांचा अंगणात खच पडला. आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इन्व्हर्टरने दुसऱ्या दिवशीच डोळे मिटले. मग माईने एकेक काढायला सुरुवात केली. पंप बंद, तर विहिरीवर जुनी कप्पी आणि सुंभाचा दोर. मिक्सर बंद, तर पाटा-वरवंटा. न्हाणीच्या कोनाड्यातून रॉकेलची अर्धी बाटली निघाली, ती तिने कधी भरून ठेवली होती देव जाणे. छपरावर घालायला तालुक्यात ताडपत्री मिळेना, तेव्हा तिने कोठीच्या खोलीतून दोन निवडणुकांचे फ्लेक्स बाहेर काढले. पुढे कितीतरी रात्री आम्ही एका उमेदवाराच्या हसऱ्या चेहऱ्याखाली झोपलो. त्याचं डिपॉझिट गेलं होतं, पण त्याने थेंब आत येऊ दिला नाही.

अशा बाईला ‘वर्षभर वापरलं नाही ते टाकावं’ हा नियम कोणी सांगायचा? मी नाही सांगितला.

पण खरी अडचण माईच्या कंदिलांची नाहीच. घरात जुनं आहे ते आमचं. अडगळ आहे ती मुंबईची. तिथे खोल्या लहान. नवा फ्रिज आला की जुना जाणार कुठे? भंगारवाला देतो ती किंमत ऐकून भावाच्या पोटात तुटतं. मग वहिनी म्हणते, ‘गावी पाठवू या, उपयोगी पडेल.’ वाशीच्या बाजारात आंबा पोचवून आमचा टेंपो रिकामा परततो हे भाऊबंदांना तोंडपाठ आहे. त्यांचं घर आवरलं जातं, फोटो ग्रुपवर येतो, सगळे अंगठे दाखवतात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या बेड्यात, म्हणजे फाटकाशी, टेंपो हॉर्न वाजवतो. असा एक सोफा-कम-बेड आला, त्यावर धड बसता येत नाही आणि झोपलं तर उठता येत नाही. पाठ फुगलेला जुना टीव्ही आला, त्याला उचलायला चौघे लागतात. झाकण न लागणारं वॉशिंग मशीन आलं. मुंबईने आम्हाला देऊन टाकलं. आम्ही कोणाला द्यायचं? आमच्या पश्चिमेला समुद्र आहे.

एकदा तर ट्रेडमिल आली. ज्या गावात दुधाची पिशवी आणायला घाटी चढावी लागते, तिथे चालण्याचं यंत्र! माईने त्याच्याभोवती एक फेरी मारली, पट्टा हाताने चाचपला आणि काही न बोलता आत गेली.

शेवटी बायकोने सगळ्या वस्तूंचे फोटो काढून ग्रुपवर टाकले: ‘ज्याला हवं त्याने न्यावं, नाहीतर देऊन टाकतो.’ वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं बोलायला लागली. ‘घंगाळाला हात लावू नका, त्यात माझी पहिली आंघोळ झालीय.’ ‘घडवंची आत्याची.’ ‘आत्याची कशी? आजोबांची!’ न्यू जर्सीच्या चुलतबहिणीने पाटा-वरवंटा मागितला. विमानात एका बॅगेला तेवीस किलो चालतात आणि आमचा पाटा एकट्या माणसाला हलत नाही, असं कळवलं, तर तिचं उत्तर आलं, ‘मग राहू दे तिथेच. पण माझा आहे हं.’ नेलं कोणीच काही नाही. वस्तू होत्या तिथेच राहिल्या, फक्त प्रत्येकीला आता नाव चिकटलं.

कोंडी फोडली ती वाडीतल्या एका पोराने. त्याने खालच्या आळीत होमस्टे काढलाय आणि पाहुण्यांना जुनं कोकण दाखवायला त्याला जुन्या वस्तू हव्या होत्या. ‘माईआजी, नुसतं मांडून ठेवतो. कोणाला विकणार नाही.’ आश्चर्य म्हणजे माई तयार झाली. बहुतेक खालची आळी हाकेच्या अंतरावर आहे म्हणून. इरलं गेलं, घडवंची गेली, घंगाळ गेलं, एक मोडका रहाटसुद्धा गेला. माळ्यावर वाकून का होईना, चालता यायला लागलं.

आता माई एक दिवसाआड तिथे चहाला जाते आणि पदराने घंगाळ पुसते. घडवंचीवर बसून सेल्फी काढणाऱ्या पिंपरीच्या जोडप्याला तिने आधी उठवलं, मग ती कुणाच्या लग्नात आली ते सांगितलं, आणि मग पुन्हा बसायची परवानगी दिली. पाहुण्यांना हे इतकं आवडलं की पोरगा आता म्हणतो, आजींना रोज पाठवा.

बायकोने संधी साधून त्याच्यापुढे सोफा, टीव्ही, वॉशिंग मशीन असं सगळं ठेवलं. त्याने हात जोडले. ‘काकू, मुंबईहून पैसे खर्चून आलेल्या माणसांना मुंबईचा सोफा काय दाखवू?’ जाता जाता तो पडवीत थबकला. ‘ती ट्रेडमिल मात्र द्या. पाहुणे जिम आहे का म्हणून विचारतात.’

बायकोचा चेहरा उजळला. मी टेंपोवाल्याचा नंबर शोधायला लागलो. तेवढ्यात माई आतून आली, हातात सूप घेऊन.

‘ती मिळायची नाही,’ ती म्हणाली. ‘तिच्यावर आमसुलं वाळत घातलीत. एवढा लांब, सपाट पट्टा मला दुसरा कोण आणून देणार?’