नारळाएवढी पाच एचपीची मोटर: आगाऊ पैसे भरण्याआधी हे वाचा

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘नारळाएवढी मोटर, ताकद ५ एचपी. कंपन्या मुद्दाम लोखंड भरून मोटर जड करतात. आमच्यात निओडिमियम मॅग्नेट, तो कधीच उतरत नाही. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम, म्हणून निम्म्या किमतीत. बुकिंगला आगाऊ रक्कम.’ मी रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं काम करतो. आगाऊ रकमेचं वाचलं आणि गप्प बसवेना.

आधी ॲल्युमिनियम. ते तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहून नेतं. तेवढाच करंट तेवढ्याच तापात न्यायचा तर तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त लागतं, तार बसवायच्या खाचा (स्लॉट) मोठ्या लागतात, म्हणजे मोटरही मोठी होते. ॲल्युमिनियमही आणि नारळाएवढी मोटरही, हे दोन्ही एकत्र जमत नाही.

‘लोखंड मुद्दाम भरतात’ हेही चूक. लोखंड हा चुंबकत्वाचा रस्ता आहे. मोटरचं सिलिकॉन स्टील २ टेस्लाच्या (चुंबकत्व मोजायचं एकक) आसपास भरून जातं. त्यापुढे करंट कितीही ओता, चुंबकत्व जेमतेम वाढतं आणि तांबं तापत राहतं. कोबाल्ट मिसळलेलं लोखंड २.३ टेस्लाच्या पुढे जातं, पण त्याची किंमत विमानातल्या यंत्रांनाच परवडते.

मग इलेक्ट्रिक गाडीची मोटर एवढीशी आणि जोरदार कशी? हा प्रश्न रास्त आहे. ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फेरे. गाडीची मोटर मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरते, म्हणून थोड्या टॉर्कवर भागतं. आपल्या ५० हर्ट्झच्या लाइटवर थेट जोडलेली मोटर ३००० च्या पुढे जाऊच शकत नाही. फेरे वाढवायचे तर वेगळा कंट्रोलर हवा. शिवाय बदलत्या चुंबकत्वामुळे लोखंडात आपोआप उठणाऱ्या भोवरी प्रवाहांचं नुकसान फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढतं, म्हणून आपल्याकडच्या अर्ध्या मिलिमीटरच्या स्टॅम्पिंगऐवजी (लोखंडाच्या कापलेल्या चकत्या) ०.३ मिलिमीटरच्या आतबाहेरची पत्री घ्यावी लागते. वर थंड करायला तेल किंवा पाणी खेळवतात ते वेगळंच.

खरी अडचण उष्णतेची. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट. मोटर ९० टक्के कार्यक्षम धरली तरी चारशे वॉट नुसती उष्णता होते, जवळपास अर्ध्या इस्त्रीएवढी. ती नारळाएवढ्या बॉडीतून बाहेर पडणार कशी? तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ते आणखी तापतं. इन्शुलेशन मर्यादेपेक्षा दर १० अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा.

गेल्या मे महिन्यात विहिरीवरची एक मोटर उघडली. बाहेर ४५ अंश, व्होल्टेज पडलेलं, करंट चढलेला. झाकण काढताच करपलेल्या वार्निशचा वास दुकानभर पसरला. तारेवरचं इनॅमल नखाने खरवडलं तर काळ्या भुकटीसारखं सुटत होतं. त्या मोटरला पुरेसं लोखंड होतं, हवा खेळायला पंखाही होता, तरी ही गत.

राहिला मॅग्नेट. निओडिमियमची साधी ग्रेड ८० अंशांपर्यंतचीच. त्यापुढे तो उतरू लागतो, म्हणजे त्याचं चुंबकत्व कमी होतं, आणि गार झाल्यावर गेलेला जोर आपोआप परत येत नाही. दीडशे अंश सोसणाऱ्या ग्रेडमध्ये बहुधा डिस्प्रोसियम नावाचा धातू घालतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले. असा मॅग्नेट निम्म्या किमतीच्या मोटरीत बसत नाही. सोलर पंपांत मॅग्नेटच्या चांगल्या मोटरी येतात, त्या मी दुरुस्तही केल्यात, पण त्यांतली एकही ५ एचपीला नारळाएवढी नव्हती.

बुकिंग करायचंच असेल तर आधी नेमप्लेटचा फोटो मागवा. इन्शुलेशन क्लास (इन्शुलेशन किती ताप सोसतं ते), फेरे, करंट आणि मॅग्नेटची ग्रेड विचारा. उत्तर लेखी आलं नाही तर पैसे पाठवू नका, भाऊ.