स्वीडिश जोडशब्दांची शिवण

'स्वीडिशमध्ये शब्द कसेही चिकटवा, नियम आड येत नाही. जोडून लिहा वा तोडून, अर्थ तोच. आणि लांबलचक शब्द वाचायचा तर सिलॅबल (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे) मोजत जा' असे सांगणारा, पुरावा म्हणून 130 अक्षरांचा एक अगडबंब शब्द दाखवणारा मजकूर वरचेवर पुढे पाठवला जातो. तो शब्द केवळ विक्रमासाठी रचलेला आहे. भांडवली नफ्यावरील करआकारणीसाठीचा 28 अक्षरांचा 'रेआलिसाशून्सव्हिन्स्तबेस्कात्निंग' मात्र खरोखर वापरात आहे, त्यामुळे शब्द लांब असतात एवढे मान्य करायला हरकत नाही.

'कसेही चिकटवा' हे मात्र साफ चूक आहे. 'बोल' म्हणजे चेंडू आणि 'प्लान' म्हणजे मैदान. दोन्ही मिळून 'बोलप्लान' होतो, मध्ये काही येत नाही. पण फुटबॉलचे मैदान म्हणायचे झाले की 'फूतबोल्सप्लान' असा सकार घालावाच लागतो, कारण 'फूतबोल' हा आधीच जोडशब्द आहे आणि मुख्य शिवण त्याच्यानंतर पडते, हे तो सकार वाचणाऱ्याला दाखवतो. कित्येकदा पहिले पदही बदलते: 'स्कूला' (शाळा) पासून 'स्कूलबार्न' (शाळकरी मूल), 'व्हेक्का' (आठवडा) पासून 'व्हेक्कोस्लूत' (आठवड्याची अखेर). घोड्याची 'घोडदौड' करणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. लिंग आणि अनेकवचन ठरते ते शेवटच्या पदावरून.

सिलॅबल मोजण्याचा सल्ला तर वाट चुकवणारा आहे. 'बिल्द्रुल्ले' हा शब्द घ्या. 'बील' (मोटार) आणि 'द्रुल्ले' (धांदरट) असा तोडला तर तो बेदरकार चालक. 'बिल्द' (चित्र) आणि 'रुल्ले' (गुंडाळी) असा तोडला तर चित्रांचे रीळ. लिखाण एकच, सिलॅबल दोन्हीकडे तीनच, आणि तरी पहिल्यात 'ई' दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व. 'ग्लासस्कोल' याहून मजेदार आहे. तो काचेचा वाडगाही असतो आणि आइस्क्रीमचाही. आइस्क्रीमच्या स्वीडिश शब्दाच्या शेवटी दोन 'स' आहेत, वाडग्याच्या शब्दाच्या आरंभी एक. पण एकच व्यंजन तीनदा लागोपाठ लिहायचे नाही या नियमाने तिसरा गळतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला की तो गळालेला 'स' परत येतो आणि वाडगा कशाचा ते कळते. म्हणजे छपाईतली तोडसुद्धा आधी पदांची शिवण पाहते.

'जोडून वा तोडून सारखेच' हे स्वीडिश शिक्षकासमोर म्हणून पाहावे. 'शूकशोतेर्स्का' म्हणजे परिचारिका. मध्ये जागा सोडली की 'शूक शोतेर्स्का', म्हणजे आजारी परिचारिका. बोलतानाही फरक लपत नाही. स्टॉकहोमकडच्या बोलीत जोडशब्दाचा मुख्य आघात पहिल्या पदावर पडतो आणि शेवटच्या पदावर सूर पुन्हा वर चढतो; शब्द सुटे केले की जोर विशेषणावरून सरकून नामावर जातो. फिनलंडमधल्या बहुतेक स्वीडिश बोलींत हा सुरांचा भेद नाही, पण आघाताचा आहे, आणि त्यामुळे तिथेही आजारी कोण आणि शुश्रूषा करणारी कोण, हे कानाला कळते.