कारखाना धारला, पुण्य इंदूरला

कारखाना काढताय? मग मशिनरीचं नंतर बघू, आधी पत्त्याचं ठरवा. एका पत्त्यात भागत नाही, तीन लागतात.

कारखाना पीथमपूरला टाका. सगळे त्याला इंदूरचंच म्हणतात, पण जिल्हा धार. ही सोय फार मोलाची. रजिस्टर्ड ऑफिस इंदूरच्या विजय नगरात आणि कॉर्पोरेट ऑफिस मुंबईला, बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. तिथे खुर्च्या चारच असल्या तरी चालतं. कार्डावर बीकेसी दिसलं की गुंतवणूकदार तुमची किंमत वेगळ्याच काट्यावर करतो.

आता सामाजिक जबाबदारी, म्हणजे सीएसआर. नफा 5 कोटींना टेकला की 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 मागे लागतं: आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजावर खर्च करा. घाबरू नका. कामकाज चालतं त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्या, असं कलमात आहे खरं. पण ते बंधनकारक नाही, असा खुलासा 2021 मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानेच केलाय. आणि कामकाज म्हणजे तरी काय हो? धुराडं चालतं ते कामकाज, तसं विजय नगरात चहा पीत सह्या होतात तेही कामकाजच.

तेव्हा पैसा इंदूरला लावा. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर, तुम्ही फक्त फोटोत उभं राहायचं. चौकात बाकडी ठेवा. पाठीवर कंपनीचं नाव असं रंगवा की टेकून उठणाऱ्याच्या सदऱ्यावर उमटलं पाहिजे. रोपं लावा. ट्री-गार्डवर लोगो हवाच. आत रोप असलं तर उत्तम. आम्हा रामबागवाल्यांना गणपतीत मंडप द्या. (हे सीएसआरमध्ये बसत नाही, जाहिरातखात्यात टाका. स्मरणिकेत अख्खं पान देऊ.)

पीथमपूरवाल्यांचं काय? त्यांना सवय आहे. वायू दुर्घटना भोपाळची, 1984 ची. मूळ कंपनी अमेरिकेची. आणि तिथल्या कारखान्यातला 337 टन विषारी कचरा 2025 मध्ये जाळायला आला तो पीथमपूरला. लोक रस्त्यावर उतरले, तरी जळायचा तो जळलाच. तिथे तुमच्या बोअरच्या पाण्याचं कोण घेऊन बसलंय?

तरी कोणी बाटलीत पिवळं पाणी घेऊन आलाच, तर बाटली ठेवून घ्या आणि त्याला विजय नगरात पाठवा. विजय नगरवाले म्हणतील, पर्यावरण मुंबई बघते. मुंबईला अर्ज इंग्रजीतून लागतो. तो लिहून, टाइप होऊन, कुरियरने पोहोचेपर्यंत नव्या तीन वर्षांची सरासरी काढायची वेळ झालेली असते.