दीव फक्त बाटलीवर जगतं का?

नमस्कार. दीव म्हणजे दारूबंदीच्या गुजरातला खेटून असलेलं, दारूला मोकळीक असलेलं बेट; त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल "दीव म्हणजे दारू, बाकी सगळी तुमची सजावट," असं तुम्ही लिहिलंत. एवढ्या लांबलचक लेखात दारूला मी एकच ओळ दिली, हा ठपका कबूल. घोघल्याहून, म्हणजे दीवच्या गुजरातकडच्या टोकाहून, परत निघताना चौकीवरच्या हवालदारानं आमच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून वास घेतला होता. तेवढं जरी लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

पण 'बाकी सगळी सजावट' मात्र पटत नाही. गुजरातची दारूबंदी मुळात आपल्याच जुन्या मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्याची. १९६० साली राज्यं वेगळी झाली, आपण परवान्याची पळवाट काढली, त्यांनी बंदी तशीच ठेवली. दीव तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. म्हणजे हा धंदा फार तर आपल्या वडिलांच्या वयाचा. त्याआधी गाव काय खात होतं? गुजरातेतल्या खंबायत बंदराच्या गलबतांना पोर्तुगीजांचा परवाना घेऊन दीवला जकात भरावी लागे, त्यावर. पुढे विणकरांचं कापड मोझांबिकला जाई नि तिकडून हस्तिदंत येई, त्यावर. दुसऱ्याच्या कायद्याच्या आडोशाला चार पैसे कमावणं दीवला नवं नाही, बाटली ही त्यातली ताजी आवृत्ती.

आणि पासपोर्ट विसरलात! १९६१ पूर्वी तिथं जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. गोव्याच्या वाचकांना हे मी काय सांगणार. एका गल्लीत नवाकोरा रंग दिलेलं दुमजली घर पाहिलं, दाराला कुलूप. शेजारच्या आजींना विचारलं तर एकच शब्द, "लेस्टर." घर बांधणारा गवंडी, रंगारी, राखणदार सगळे गावातलेच, पगार मात्र इंग्लंडातून. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, नव्या पोरांना पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जायची ती वाट जवळपास बंद झाली. मला दारूबंदी उठण्यापेक्षा याची काळजी जास्त वाटते.

बंदी उठली तर नागवा किनाऱ्यावरची हॉटेलं ओस पडतील, हे तुमचं खरं. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय वसाहतीत डिसेंबर २०२३ मध्ये थोडी सूट मिळालीच आहे. पण दीवच्याच वणाकबारा या कोळ्यांच्या गावातल्या होडीवाल्याला त्याचं काय? त्याचं वर्ष पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीवर ठरतं, आणि दोरखंड, बर्फ, डिझेलच्या भावावर.

दारूचा परिच्छेद आज रात्री लेखात घालतो. तुम्ही दरवर्षी जाता म्हणता, तर एक सांगा: ऐन पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्या वारी, तुमच्या नेहमीच्या हॉटेलात किती खोल्या भरलेल्या असतात?