रसायन सांडून फोटो काढणाऱ्यांना एक विचारायचंय

आज पेपरात पुन्हा तोच फोटो. नाल्याकाठी निळे ड्रम, सांडलेलं रसायन, बाजूला ओळीने पोलीस आणि मथळा, ‘हातभट्टी उद्ध्वस्त’. फोडा भट्ट्या, फोडायलाच पाहिजेत. पण भट्टीवाला आठ दिवसांत दुसरा नाला धरतो. आणि आमचा आबा मेला तो भट्टीवर नाही, हायवेवर.

आबा म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ. पारोळ्याच्या अलीकडे, ५३ नंबर हायवेवर, हळदीहून मोटारसायकलने घरी येत होता. समोरून पिकअप आली. ड्रायव्हरला धड उभं राहता येत नव्हतं. पोरांनीच त्याला धरून पोलिसांच्या ताब्यात दिलं.

कायदा नाही असं कोणी म्हणू नका. मोटार वाहन कायदा, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात असंही आहे, की या कलमाखाली धरलेल्याची अटकेपासून २ तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावं लागतं. त्या रात्री दवाखान्यात डॉक्टरच नव्हते. रक्त घेतलं ते उजाडल्यावर. काय सापडणार होतं त्यात? केस उरली नुसत्या हयगयीची, आणि जामीन झाला.

काकू ओट्यावर बसून एकच विचारत होती, “तेले सोडी दिन्हा का रे भाऊ?” मला तिच्याकडे बघवत नव्हतं. अजूनही त्या घरी गेलो की आधी आबाची खुंटीवरची टोपी दिसते.

पोलीस कमी आहेत, हद्द मोठी आहे, मान्य. सातपुड्यात मोहाची देवाला लागते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लग्नसराईत रात्री दहानंतर ढाब्यांबाहेर किती गाड्या उभ्या असतात आणि त्यातले किती शुद्धीत स्टेअरिंगवर बसतात, हे धुळ्यापासून भुसावळपर्यंत कोणाला माहीत नाही? तिथे एक फुंकायचं मशीन घेऊन चार माणसं उभी करा ना! दुपारी हेल्मेटच्या पावत्या फाडायला बरी माणसं मिळतात.

आडव्या बाटलीचं मतदान करून बाया गावातलं परवान्याचं दुकान बंद पाडतात. बाहेरगावहून पिऊन येणाऱ्या पिकअपला कोणती बाटली आडवी करायची?

मागणी एवढीच आहे. लग्नाच्या तिथींना हायवेवर रात्रीची तपासणी, आणि रात्री रक्त घ्यायला कोणते डॉक्टर हजर आहेत त्यांचं नाव ठाण्याच्या फळ्यावर. सोमवारी अकरा वाजता तहसीलवर निवेदन द्यायला जातोय. काकूही येणार आहे. तुम्ही पण या.