ॲडाप्टर आहे का हो कुणाकडे?

ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या, कॉन्फरन्समध्ये स्वातंत्र्यावर कितीही बोललं गेलं, तरी दिवसभर कानावर पडणारं वाक्य एकच: "एचडीएमआयचा ॲडाप्टर आहे का हो कुणाकडे?"

विचारणारा स्टेजवर असतो. त्याच्या लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी, टेबलावर लोंबणारी प्रोजेक्टरची केबल एचडीएमआयची. ॲडाप्टर मिळतो, पण पडदा काळाच. मग डिस्प्ले मिररवर (दोन्ही पडद्यांवर एकच चित्र) आणायचा, रिझोल्यूशन हाताने १९२० बाय १०८० वर उतरवायचं, की झालं. फक्त हे करताना दोनशे लोक तुमच्या डेस्कटॉपवरच्या फायलींची नावं वाचत असतात. टर्मिनलचा, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचा, फॉन्ट २४ च्या खाली नको. आणि काळ्यावर करड्या अक्षरांची ती लाडकी थीम घरीच ठेवा; मागच्या रांगेला तिच्यात नुसती अमावस्या दिसते. लाइव्ह डेमोचा मोह असेल तर ॲस्किनेमात (टर्मिनल रेकॉर्ड करणारं साधन) आधीच रेकॉर्ड करून आणावा, असं माझं स्पष्ट मत आहे. टाळ्या तेवढ्याच पडतात.

वायफायचं दुखणं निराळं. निम्मा हॉल नेटवर्किंगवर पोट भरणारा, तरी नेटवर्क निपचित. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यांत शेकडो लॅपटॉप, त्याहून जास्त फोन, आणि वायफाय चालत नाही म्हणून जो तो स्वतःचा हॉटस्पॉट लावणार. आगीत तेल ते हेच. जमल्यास ५ गिगाहर्ट्झ पकडा. ब्रसेल्सच्या फॉसडेम या ओपन सोर्स संमेलनात मुख्य वायफाय आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) पुरतंच ठेवून जुन्या आयपीव्ही४ वाल्यांसाठी 'फॉसडेम-एन्शंट', म्हणजे 'पुरातन', नावाचं वेगळं नेटवर्क दिलं होतं. इतका नेमका अपमान इंजिनिअरच करू जाणे!

कार्यशाळेत तर "आता सगळ्यांनी इन्स्टॉल करा" म्हणताच हाहाकार. अख्खा हॉल बहुधा एकाच आयपीमागे (इंटरनेटवरचा पत्ता), आणि लॉगिन नसेल तर गिटहबचा (कोड आणि त्याबद्दलच्या तक्रारी, म्हणजे 'इश्यू', जिथे ठेवतात ती साइट) एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमसाठीची खिडकी, एका आयपीला तासाला ६० विनंत्या देतो. ताजी आवृत्ती विचारणारी इन्स्टॉल स्क्रिप्ट माणशी एकदा चालली तरी साठजणांत कोटा खलास. एकसष्टाव्याला ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. लागणारं सगळं, म्हणजे रिपॉझिटरी, कंटेनरच्या इमेज, पॅकेजेस, आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा.

ज्या भाषणासाठी आलो, ते हमखास सगळ्यांत लहान खोलीत असतं. खात्रीचा उपाय एकच: त्याआधीचं भाषण सुरू होतानाच जाऊन बसायचं. मग ते फाइल सिस्टीमच्या लॉकिंगवर असलं तरी पाऊण तास मान डोलवा.

खरं काम कॉरिडॉरमध्ये. आठ महिने लोंबकळणारी आपली पुल रिक्वेस्ट (आपण सुचवलेला कोडमधला बदल) ज्यांच्या हातात, ते मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, तिथेच उभे असतात. ओळखू येत नाहीत, कारण प्रोफाइलला फोटोऐवजी बदक. गळ्यातला बिल्ला पाहावा तर एका हुकावरचं कार्ड उलटलेलं. (आपल्या कार्डाच्या मागेही नाव आणि हँडल लिहा, मोठ्या अक्षरांत.) शेवटी सापडतात. बग सविस्तर ऐकतात, दोन नेमके प्रश्न विचारतात, मान हलवतात.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणतात. "यावर एक इश्यू उघडा ना."